पॅरासिटामॉलमध्ये लपलेला देव: रसायनांच्या आणि औषधांच्या नावांची मुळे सांगणाऱ्या एका पत्तेसंचाविषयी

रसायनांच्या आणि औषधांच्या नावांचे मूळ उलगडून दाखवणारा सव्वाशे पत्त्यांचा एक संच गेले पाच महिने माझ्या टेबलावर आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि संच विकत घेण्यामागचा माझा हेतू अगदी साधा होता: विद्यार्थी वर्षानुवर्षे नावे घोकतात, ती नावे आली कुठून हे त्यांना कळले तर घोकंपट्टी थोडी तरी हलकी होईल. त्या आशेचे काय झाले ते पुढे सांगतोच. पण विद्यार्थ्यांच्या हाती जाण्यापूर्वी पंधरा दिवस हा संच माझ्याच हातातून सुटला नव्हता, हे आधी कबूल केले पाहिजे.

पत्ता तळहाताएवढा आहे, कागद जाड आहे आणि सतत हाताळूनही कडा अजून पिंजलेल्या नाहीत. पुढच्या बाजूला एकच नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या रंगांनी वेगळे केलेले असतात. मागच्या बाजूला प्रत्येक तुकड्याचा प्रवास असतो: भाषांच्या लहान लहान चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. या रेषा दोन प्रकारच्या आहेत. सलग रेषेचा अर्थ एका भाषेने दुसरीकडून शब्द उचलला असा आहे. तुटक रेषेचा अर्थ दोन्ही भाषांतले शब्द एकाच आदिम मुळातून आपापल्या घरी वाढले, कोणी कोणाकडून काही घेतले नाही, असा आहे. संचाचे सगळे मोल या दोन रेषांत आहे, कारण व्युत्पत्तीच्या गप्पांमध्ये सर्वाधिक घोटाळा याच ठिकाणी होतो. उसना शब्द आणि सगोत्र शब्द यांत फरक न करता 'हा मुळात आपलाच' असे ठोकून देण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि इतरांकडेही ती कमी नाही.

माझ्या हाती पहिल्यांदा आलेला पत्ता पॅरासिटामॉलचा होता आणि तो अजूनही मला संचातील सर्वोत्तम वाटतो. 'पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फेनॉल' या लांबलचक रासायनिक नावाची ही आटोपशीर पुरचुंडी पत्त्यावर चार गाठींत सोडवली आहे. 'पॅरा' ग्रीक आहे. त्याचा अर्थ 'शेजारी' किंवा 'पलीकडे' असा होतो, आणि बेंझीनच्या षटकोनी कड्यावरच्या समोरासमोरच्या दोन जागा दाखवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी तो राबवला. 'ॲसिट' हा लॅटिन 'ॲसीटम'चा, म्हणजे सिरक्याचा अंश आहे. तिसरा तुकडा 'अम' इतका लहान आहे की त्याच्यामागे काही असेल अशी शंकाही येत नाही. तो 'अमिनो'मधून येतो, 'अमिनो' अमोनियातून, आणि अमोनिया 'साल अमोनिॲकस'मधून, म्हणजे आमोन देवाच्या मिठातून. इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात सिवा नावाचे मरूद्यान आहे, तेथे आमोनचे विख्यात मंदिर होते आणि त्या भागातून येणाऱ्या मिठाला रोमन लोकांनी देवाचे नाव लावले. रोमन लेखक प्लिनीच्या काळातले हे मीठ बहुधा जमिनीतून निघणारे साधे मीठच होते; आपण ज्याला नवसागर म्हणतो त्या पदार्थाला हे नाव नंतर चिकटले. पत्ता हा बारकावा गाळत नाही, याचे मला विशेष वाटले. आमोन या नावाचा मूळ अर्थ 'लपलेला' असा आहे, आणि तापावरच्या गोळीच्या नावात दोन अक्षरांपुरता तो अजूनही लपूनच बसला आहे.

चौथा तुकडा 'ऑल' म्हणजे अल्कोहोलची शेपटी. अरबीत 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, खनिज खलून केलेली अतिशय बारीक पूड. पुडीवरून 'कोणत्याही पदार्थाचे सूक्ष्म सार' असा अर्थ निघाला, सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने द्राक्षाच्या दारूच्या साराला तेच नाव दिले, आणि पुढे दारूचा उल्लेख गळून पडून नुसते सार उरले. अरबी शब्दाच्याही मागे पत्त्यावर अक्कादी 'गुह्लु'ची चौकट आहे, म्हणजे रेषा थेट मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांपर्यंत जाते. ज्या शब्दाचा जन्म डोळ्यांच्या प्रसाधनात झाला, तो आज रेणूला हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जोडलेला आहे एवढे सांगणारा कोरडा प्रत्यय होऊन बसला आहे.

या पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत आणखी एक गोष्ट आहे, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटेल. याच औषधाला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नावे एकाच रासायनिक नावातून कातरलेली आहेत, फक्त कात्री वेगवेगळ्या ठिकाणी चालली आहे. पॅरासिटामॉलने टाकून दिलेला 'फेन' तिथे शिल्लक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त लॉराँ यांनी १८३६ मध्ये बेंझीनसाठी 'फेन' हे नाव सुचवले, कारण ते द्रव्य दिव्यांसाठी लागणाऱ्या वायूच्या निर्मितीत मिळत असे आणि ग्रीकमध्ये 'फाइनो' म्हणजे प्रकाशित करणे, दाखवणे. लॉराँपासून ग्रीकपर्यंत सलग रेषा आहे; ग्रीकपासून संस्कृत 'भा' या धातूपर्यंत तुटक. प्रभा, आभा, भानू हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द आणि फेनॉलमधला 'फेन' हे अशा रीतीने लांबचे भाऊबंद ठरतात. पत्त्यावर 'भा' दिलेला आहे, पण त्यापुढे काही नाही. प्रभा आणि भानू मला स्वतःला जोडावे लागले. संच मराठी वाचकासाठी केलेला नाही, त्यामुळे ही तक्रार म्हणून नोंदवत नाही; उलट, असे दुवे स्वतः सापडण्यातच त्याची खरी मजा आहे.

ही मजा सर्वांत अधिक आर्सेनिकच्या पत्त्यावर आली. ग्रीकमध्ये 'आर्सेनिकोस' म्हणजे पुरुषी, आणि आर्सेनिक उग्र म्हणून त्याला पौरुषवाचक नाव मिळाले, असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते. पत्ता ते स्पष्ट शब्दांत बाजूला सारतो. ग्रीकांनी हा शब्द इराणी भाषांकडून, सीरियाकसारख्या सेमिटिक भाषांच्या वाटेने घेतला. मूळ रूप 'झरनीक'सारखे होते आणि त्याचा अर्थ 'सोनेरी' असा होता. परक्या शब्दाला ओळखीचा पोशाख चढवताना ग्रीकांनी त्याला आपल्या 'पुरुष'वाचक शब्दाच्या साच्यात बसवले. ज्या खनिजाला हे नाव होते ते म्हणजे पिवळेधमक, सोन्यासारखे चकाकणारे आर्सेनिक सल्फाइड. लॅटिनमध्ये त्याला 'ऑरिपिगमेंटम', सोनेरी रंग, असे म्हणत, आणि आपण त्याला हरताळ म्हणतो.

इथे मी पत्ता खाली ठेवला. फारसीतल्या 'झर', म्हणजे सोने, या शब्दातून मराठीत 'जर' आला. जरीच्या काठातला, जरतारी शेल्यातला जर. तो आणि आर्सेनिकमधला इराणी गाभा एकच. दुसरीकडे 'हरताळ'मधला 'हरि', म्हणजे पिवळा, हा संस्कृत शब्द आणि इराणी 'झर' हे एकाच आदिम मुळाचे, कारण इराणीत जिथे 'झ' येतो तिथे संस्कृतात अनेकदा 'ह' दिसतो. हिरण्य आणि अवेस्तातील 'झरन्य' ही त्याची ठळक जोडी आहे. म्हणजे जर हा उसना शब्द, हरताळ हा घरचा, आणि आर्सेनिक हा जगभर फिरून आलेला. तिघे एकाच पिवळ्या रंगाचे. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप लावून ती झाकत असत, आणि त्यावरूनच एखाद्या गोष्टीवर पाणी फिरवण्याला आपण 'हरताळ फासणे' म्हणू लागलो. रोज बोलण्यात येणाऱ्या या वाक्प्रचारात आर्सेनिकचे संयुग असते, हे वीस वर्षे आर्सेनिक शिकवूनही माझ्या ध्यानात आलेले नव्हते.

पत्त्याची तुटक रेषा तिथेही थांबत नाही. त्याच पिवळ्या-हिरव्या अर्थाच्या मुळाशी ग्रीक 'क्लोरोस', फिकट हिरवा, हा शब्द जोडलेला आहे. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी वायूच्या रंगावरून त्याला क्लोरीन म्हटले ते याच शब्दावरून. पित्ताला ग्रीकमध्ये 'खोले' म्हणत, तोही याच घराण्यातला, आणि पित्तखड्यांत सापडलेल्या घट्ट द्रव्याला 'खोले' आणि 'स्टेरिओस', म्हणजे घन, असे दोन शब्द जोडून कोलेस्टेरॉल हे नाव पडले. आर्सेनिक, क्लोरीन आणि कोलेस्टेरॉल या तिन्ही नावांचा आपसात काही संबंध असेल असे कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाच्या मनात येणार नाही, आणि रसायन म्हणून तो नाहीच.

बेंझोडायझेपीनचा पत्ता याच तोडीचा आहे, पण त्याची घडण निराळी आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या औषधांच्या या वर्गाच्या नावात चार भाषिक थर एकावर एक रचलेले आहेत. 'बेंझो'चा उगम अरबी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, यात आहे. आग्नेय आशियातून येणाऱ्या सुगंधी राळेचे ते अरबी व्यापारी नाव होते. युरोपात पोचल्यावर सुरुवातीचा 'लु' हे आपल्याच भाषेतले विशेषणवजा उपपद आहे असे समजून लोकांनी तो कापला, राहिलेल्या 'बान जावी'चे 'बेंझोइन' झाले, त्या राळेतून बेंझोइक आम्ल निघाले, आणि १८३३ मध्ये आइलहार्ड मिचरलिख यांनी त्या आम्लापासून जो द्रव मिळवला त्याचे नावही त्यावरूनच पडले. मायकेल फॅरेडे यांनी तोच द्रव १८२५ मध्येच वेगळा केला होता, पण त्यांनी दिलेले नाव टिकले नाही. पुढच्या 'डाय'चा अर्थ दोन. तो आपल्या 'द्वि'चा सगोत्र. 'अझ' म्हणजे ॲझोट, नायट्रोजनला लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेले नाव: 'अ' नकारार्थी आणि 'झोए' म्हणजे जीवन, अर्थात ज्यात प्राणी जगत नाही असा वायू. ग्रीक 'झोए' आणि संस्कृत 'जीव' यांना तुटक रेषेने जोडलेले आहे. शेवटचा 'एप' हा 'हेप्टा'चा, म्हणजे सातचा तुकडा, कारण रेणूत सात अणूंचे कडे असते. त्याच्यापुढे अर्थातच 'सप्त'.

हा पत्ता वर्गात फिरवला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की लोबानाचा आणि याच वर्गातल्या डायझेपाम या औषधाचा काही औषधी संबंध आहे का. नाही, असे मी सांगितले, आणि या प्रश्नाने संचाची एक उणीव दाखवून दिली. नाव एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर, तिथून तिसरीवर उड्या मारत जाते, आणि प्रत्येक उडीत मूळ वस्तूचा गुण गळत जातो. पत्त्यावर प्रवास आहे, पण कोणत्या टप्प्यावर वस्तू बदलली हे दाखवण्याची काही खूण नाही. नव्या आवृत्तीत रेषेवर एखादा ठिपका जरी दिला तरी हे काम भागेल.

अरबी वाटेने आलेल्या शब्दांवर वीसेक पत्ते आहेत आणि त्यांतले बरेचसे चटकन वाचून होतात. अल्कली म्हणजे 'अल-कली', खारट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. पोटॅशियमचे चिन्ह त्यावरूनच आले. एलिक्झिर म्हणजे 'अल-इक्सीर', आणि त्यामागे ग्रीक 'क्झेरिऑन', जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. आज मात्र एलिक्झिर म्हटले की पातळ, गोड औषध डोळ्यांसमोर येते. सिरप ज्या 'पिणे' अर्थाच्या अरबी धातूतून आला त्यातूनच आपल्याकडे सरबत आणि शराब हे दोन्ही आले. केमिस्ट्रीच्या मागे 'अल-किमिया' आहे आणि मराठीने त्याच शब्दाची 'किमया' केली, जिचा प्रयोगशाळेशी संबंध आता उरलेला नाही. त्याही मागे इजिप्तचे 'काळी भूमी' अशा अर्थाचे जुने नाव आहे की धातू ओतण्यासाठीचा ग्रीक शब्द, यावर पत्त्याने दोन्ही मते शेजारी-शेजारी ठेवली आहेत आणि निकाल दिलेला नाही. हे मला योग्य वाटते.

अफूचा पत्ता विशेष जपून लिहिलेला आहे. ग्रीक 'ओपोस' म्हणजे झाडाचा चीक, त्याचे लघुरूप 'ओपिऑन', त्याचे अरबीत 'अफ्यून', आणि तिथून आपल्याकडे अफू आणि अफीण. संस्कृतात 'अहिफेन' असा शब्द आहे, ज्याचा अर्थ सापाचा फेस असा होतो आणि जो ऐकताच अस्सल प्राचीन वाटतो. पत्ता सांगतो की तो अफ्यूनलाच संस्कृत पोशाख चढवून तयार झालेला शब्द आहे. ग्रीकांनी आर्सेनिकच्या बाबतीत जे केले तेच आपल्या पंडितांनी अफूच्या बाबतीत केले, हे दोन पत्ते शेजारी ठेवल्यावर दिसते. संचकर्त्यांनी तशी सूचना मात्र कुठे दिलेली नाही.

इतकी सावधगिरी बाळगणाऱ्या हातांनी गंधकाचा पत्ता कसा लिहिला हे मला अजून उमगलेले नाही. सल्फर हा शब्द संस्कृत 'शुल्वारि'वरून, म्हणजे 'शुल्व अर्थात तांबे, त्याचा शत्रू' यावरून आला, असे तिथे सलग रेषेने छापले आहे. ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, ऐकायला गोड आहे आणि गंधक तांब्याला काळे करतो या अनुभवाशी जुळतेही. पण लॅटिनमधील जुने रूप 'सल्पुर' आहे. 'फ'चा उच्चार आणि लेखन नंतर आले, तेही शब्द ग्रीक असावा या समजुतीने. 'सल्पुर'पर्यंत 'शुल्वारि' पोचायचा तर वाटेतली एखादी फारसी, अरबी किंवा ग्रीक चौकी दिसायला हवी, आणि अशी एकही दिसत नाही. गंधकासाठी ग्रीकांचा शब्द तर पूर्ण निराळा, 'थेऑन', ज्यावरून रसायनशास्त्रातला 'थायो' हा उपसर्ग आला. शुल्वारि हा शब्द संस्कृत कोशांत आहे, हे खरे. पण दोन शब्द सारखे वाजतात एवढ्यावर सलग रेषा ओढायची तर अहिफेनाच्या बाबतीत ती का ओढली नाही, याचे उत्तर संचाने द्यायला हवे. संस्कृताचे खरे देणे दाखवायला उदाहरणे कमी नाहीत, आणि ती याच पेटीत आहेत. वैडूर्य पाली-प्राकृतात 'वेळुरिय', 'वेरुलिय' झाले, ग्रीकमध्ये 'बेरिल्लोस', आणि त्या रत्नावरून बेरिलियम या मूलद्रव्याचे नाव पडले. शर्करा, जिचा मूळ अर्थ खडे, वाळू असा आहे, ती ग्रीकमध्ये 'साक्खारोन' झाली आणि १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडलेल्या साखरेहून कैक पट गोड द्रव्याला सॅकरिन हे नाव देऊन गेली. नीळ फारसी-अरबीतून 'अन-नील', मग पोर्तुगीज 'अनिल' होत ॲनिलीनमध्ये उतरली. या तिन्ही पत्त्यांवरच्या रेषा सलग आहेत आणि प्रत्येक चौकी भरलेली आहे. असे असताना गंधकासाठी रिकामा पूल बांधण्याची गरज नव्हती.

दुसरी ढळढळीत चूक निस्टॅटिनच्या पत्त्यावर आहे. त्यातला 'स्टॅट' ग्रीक 'स्टाटोस', म्हणजे थांबलेला, यावरून आला आणि हे औषध बुरशीची वाढ थांबवते म्हणून ते नाव, असे तिथे लिहिले आहे. प्रत्यक्षात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन संशोधिकांनी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात हे औषध शोधले आणि राज्याच्या नावावरूनच त्याचे नाव ठेवले. 'निस्टॅट' म्हणजे न्यूयॉर्क स्टेट. मुळे खोदण्याचा नाद लागला की विसाव्या शतकातले सरकारी कार्यालयही अथेन्समधले वाटू लागते, त्याचा हा नमुना. मॉर्फिनच्या पत्त्यावरील चूक लहान आहे: मॉर्फियसला तिथे निद्रादेव म्हटले आहे. निद्रेचा देव हिप्नोस. मॉर्फियस स्वप्नांत माणसांची रूपे धारण करणारा, आणि त्याचे नावही 'रूप' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले. फ्रीडरिख झेर्ट्युर्नर यांनी अफूतून वेगळ्या केलेल्या द्रव्याला स्वप्नरूपाचे नाव दिले हे कळले तर त्या निवडीतली नजाकत लक्षात येते. निद्रादेव म्हटल्याने ती बुजते.

छपाईबद्दलही लिहिणे भाग आहे. अरबी आणि फारसी शब्द मूळ लिपीत देण्याचा हेतू चांगला असला, तरी बहुतेक ठिकाणी ती अक्षरे सुटी सुटी आणि डावीकडून उजवीकडे उलटी पडली आहेत, म्हणजे ती लिपी वाचणाऱ्याला 'अल-कुह्ल' हा शब्द मोडलेल्या दातांसारखा दिसेल. देवनागरीची अवस्था थोडी बरी, पण 'वैडूर्य'मधला रफार 'य'वर न बसता शेजारच्या 'डू'च्या डोक्यावर जाऊन बसला आहे आणि 'हरिताल'मधली पहिली वेलांटी 'र'च्या पुढे न येता मागे पडली आहे. ज्या संचाचा विषयच शब्द आहे त्यात शब्द असे छापले जाणे खटकते. प्रकाशकाला पत्र लिहिले होते. पोच आली, उत्तर आलेले नाही.

आधुनिक औषधनामांचा विभाग शेवटी आहे आणि तो अपेक्षेहून त्रोटक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये औषधांच्या सर्वमान्य नावांची व्यवस्था सुरू केली आणि १९५३ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून औषधाचा वर्ग नावाच्या शेपटीवरून ओळखता येतो. ही शेपटी प्रत्येक वेळी प्राचीन असतेच असे नाही, आणि इथे संच गोंधळतो. कॅप्टोप्रिल या रक्तदाबावरच्या औषधाचा पत्ता मात्र सुरेख जमला आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइझे यांनी पाऱ्याला घट्ट पकडणाऱ्या गंधकयुक्त संयुगांना लॅटिनमध्ये 'मर्क्युरियम काप्टान्स', म्हणजे पारा पकडणारे, असे म्हटले. त्याचे मर्कॅप्टन झाले, आणि कॅप्टोप्रिल हे नाव घडवताना त्यातला पारा गाळून नुसता 'कॅप्टो' घेतला. पकडणारा उरला, पकडलेला सुटला. विषाणूविरोधी औषधांच्या नावांना लागणारा 'व्हिर' हा शेपटीतला तुकडाही, ॲसायक्लोव्हिरपासून रेमडेसिव्हिरपर्यंत, चांगला समजावलेला आहे: लॅटिन 'व्हिरुस' म्हणजे विष, आणि संस्कृत 'विष' त्याचा सख्खा सगोत्र. मराठीत व्हायरससाठी 'विषाणू' हा शब्द ज्याने घडवला त्याला हे नाते ठाऊक असो वा नसो, शब्द मात्र नेमका घरी परतला.

आता मूळ आशेविषयी. वर्गात मी पत्त्यांचा उपयोग असा करतो की रंगीत तुकडा झाकून बाकीचे नाव दाखवायचे आणि उरलेला तुकडा कोणत्या भाषेचा असेल हे विचारायचे. तीन महिन्यांत विद्यार्थ्यांची नावे पाठ होण्याची गती फारशी वाढली असे मी म्हणणार नाही, पण नावाचे तुकडे पाडून वाचण्याची सवय लागली, आणि अपरिचित नाव समोर आले की 'यात नायट्रोजन असला पाहिजे, अझ दिसतो आहे' असे ते न विचारता सांगू लागले. या सवयीला धोकाही आहे. एका विद्यार्थ्याने थिओब्रोमीनच्या रेणुसूत्रात बेधडक ब्रोमीन लिहिला. थिओब्रोमीनमध्ये ब्रोमीन नाही; त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच आहेत. लिनियसने कोकोच्या झाडाला 'थिओब्रोमा', म्हणजे देवांचे अन्न, हे नाव दिले, त्यात 'ब्रोमा' म्हणजे अन्न. तर १८२६ मध्ये सापडलेल्या ब्रोमीनचे नाव 'ब्रोमोस', म्हणजे दुर्गंधी, यावरून आले. एकाच ध्वनीचे दोन ग्रीक शब्द, आणि अर्थ एकमेकांच्या तोंडावर आदळणारे. संचात हा पत्ता आहे, पण तो 'वनस्पती' या गटात आहे आणि ब्रोमीनचा 'मूलद्रव्ये' या गटात. दोघांना एकमेकांकडे पाठवणारी साधी सूचनाही नाही. त्या दिवसापासून मी हे दोन पत्ते रबरबँडने एकत्र बांधून ठेवले आहेत.

औषधनिर्माणशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षकाने हा संच घ्यावा, पण गंधक आणि निस्टॅटिन हे दोन पत्ते आधी बाजूला काढून मगच तो वर्गात न्यावा. भाषेच्या अभ्यासकाला त्यात नवीन काही सापडेलच असे नाही, मात्र रसायनाच्या बाजूची माहिती त्याला उपयोगी पडेल. शाळेतल्या मुलांना तो जड जाईल. मजकूर दाट आहे आणि अक्कादीपासून दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआपर्यंतच्या भाषांची नावे समजावून सांगायला कोणीतरी शेजारी लागेल.

पेटीच्या तळाशी पाच कोरे पत्ते आहेत, वाचकाने स्वतः भरायचे. पहिला मी रेसर्पिनसाठी वापरला, कारण संचात तो नाही आणि असायला हवा होता. सर्पगंधेच्या मुळांतून हे औषध १९५२ मध्ये वेगळे केले गेले आणि वनस्पतीच्या राउवोल्फिया सर्पेंटिना या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव पडले. पुढच्या बाजूला 'सर्प' हा तुकडा हिरव्या शाईने रंगवला, मागे लॅटिन 'सर्पेन्स'ची चौकट काढली, शेजारी संस्कृत 'सर्प'ची. वनस्पती आपल्याकडची, तिचे आपल्याकडचे नावही सापाचेच, त्यामुळे हात सलग रेषा ओढायला निघाला होता. पण लॅटिनने तो शब्द आपल्याकडून घेतलेला नाही. पट्टी उचलली आणि तुटक रेषा काढली.